जर्मनीचं भांडण आणि आपली युरियाची गोणी

ऊर्जा, हवामान आणि परराष्ट्र धोरण यावर काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. वाटलं चार-दोन मेल येतील, तर इनबॉक्स भरला. निम्म्या लोकांनी पेट्रोलचंच विचारलंय त्यामुळे ते आधी उरकतो, मग खताच्या प्रश्नाकडे येतो. त्याचं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: रशियाचं तेल आपण स्वस्तात घेतो असं सगळे सांगतात. मग पंपावर ते स्वस्त का दिसत नाही? सूट गेली कुठे?
(एक वाचक, नाशिक, आणि हेच विचारणारे इतर बरेच)

उत्तर: स्वस्त मिळालं हे खरंय. युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाच्या क्रूडचा वाटा जेमतेम २ टक्के होता, २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. युरोपने हात आखडता घेतला, जी-७ देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली, रशियाला गिऱ्हाईक हवं होतं आणि आपल्याला डिस्काउंट, जमलं. पण पंपावरचा आकडा एकट्या क्रूडच्या भावाने हलत नाही, केंद्राची एक्साइज, राज्याचा व्हॅट आणि जवळ आलेली निवडणूक यांनी जास्त हलतो. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे ८ रुपये कमी केले, जुलैत आपल्या राज्याने ५ रुपये सोडले, त्यानंतर थेट मार्च २०२४ मध्ये २ रुपये उतरले, तेही लोकसभेच्या तारखा जाहीर व्हायच्या तोंडावर. एप्रिल २०२५ मध्ये क्रूड पडलं तेव्हा केंद्राने २ रुपये एक्साइज वाढवून तो फायदा स्वतःकडे ठेवला, पंपावर काही कळलंच नाही. मधल्या काळात सरकारी तेल कंपन्यांनी महागाईतला तोटा स्वस्ताईत भरून काढला. म्हणजे सूट हवेत गेली नाही, सरकार, सरकारी कंपन्या आणि युरोपला डिझेल विकणाऱ्या खासगी रिफायनऱ्या यांच्यात वाटली गेली.

आणि बिल? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियाचं तेल घेता म्हणून आपल्या मालावर २५ टक्के जादा टॅरिफ लावला, आधीचा धरून ५० टक्के. तेल उतरलं गुजरातच्या बंदरात आणि ऑर्डरी अडकल्या टॉवेलवाल्यांच्या, कोळंबीवाल्यांच्या, हिरेवाल्यांच्या. सूट एकाला, बिल दुसऱ्याला. पुढचं उत्तर वाचताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न: माझा दोन एकर ऊस आहे. २०२२ पासून खताचं काही विचारलं की दुकानदार म्हणतो युद्ध चालू आहे. युक्रेन कुठे, आमचं गाव कुठे? युरियाच्या गोणीचा दर तर २६६ रुपयेच आहे, मग युद्धाचा संबंध काय? वर युरिया पाहिजे तर सोबत ही बाटली पण घ्या म्हणतो.
(एक शेतकरी, कराड तालुका)

उत्तर: बाटलीचं आधी. त्याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे, त्याचा पुतिनशी काही संबंध नाही. पॉस मशीनवर अंगठा तुमचा, पावतीवर काय काय चढवलंय ते तिथेच वाचा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तोंडी दिली तर चहा मिळतो फक्त.

आता युद्धाचं. युरिया म्हणजे गोणीत भरलेला गॅस आहे असं समजा. अलिबागजवळ थळला आरसीएफ या सरकारी कंपनीचा खत कारखाना आहे, तिथे नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात, हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा अमोनिया करतात आणि अमोनियाचा युरिया, त्यामुळे गॅस महागला की कारखान्याचा खर्च लगेच वर जातो, मधे पळवाटच नाही. देशात लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याच्या आसपास आपण बाहेरून आणतो, उणे १६० अंशाच्या खाली थंड करून द्रवरूपात, जहाजाने. त्याला एलएनजी म्हणतात.

आता नीट बघा काय झालं. २०१२ मध्ये गेल या आपल्या सरकारी कंपनीने रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या शाखेशी २० वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलं, वर्षाला २५ लाख टन, आणि २०१८ पासून जहाजं यायला लागली. ही सिंगापूरची शाखा कागदावर कुणाची, तर गाझप्रॉमच्याच जर्मनीतल्या कंपनीची. युद्ध सुरू झालं, युरोपने निर्बंध लावले, एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने ती जर्मनीतली कंपनी स्वतःच्या ताब्यात घेतली. मॉस्कोने उलटा निर्बंध टाकला, की या कंपनीला आता आमचा गॅस मिळणार नाही. भांडण बर्लिन आणि मॉस्कोचं, आणि जहाज यायचं थांबलं ते आपल्याकडे. आपण कुणावर निर्बंध घातले नव्हते, कुणाची बाजू घेतली नव्हती, कॉन्ट्रॅक्टवर सही मात्र होती. गेलने खतवाल्यांचा आणि कारखान्यांचा सप्लाय कमी केला, उत्तर प्रदेशातला स्वतःचा पेट्रोकेमिकल प्लांट कमी क्षमतेने चालवला आणि शेवटी लंडनच्या लवादात गेली. मागितले १८० कोटी डॉलरच्या वर, जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली ती साडेअठ्ठावीस कोटींवर.

दुसऱ्या बाजूने युरोप बाजारात उतरला. २०२१ पर्यंत जर्मनीचा निम्म्याहून जास्त गॅस रशियातून पाइपने यायचा, तो आटला. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या नॉर्ड स्ट्रीमच्या चारपैकी तीन पाइप स्फोटात फुटल्या म्हणजे परतीचा रस्ताही गेला. मग त्यांनी मिळेल त्या भावाने एलएनजी उचलला. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने दहा जहाजांचं टेंडर काढलं, एकही बोली आली नाही. बांगलादेशने स्पॉट मार्केटमधून, म्हणजे कॉन्ट्रॅक्टशिवाय त्या वेळच्या भावाने, घेणंच बंद केलं आणि ढाक्यात लोडशेडिंग सुरू झालं. युरोपमध्ये हिटर चालू राहिला तो असा, आणि वर याच लोकांनी आपल्याला रशियाच्या तेलावरून नीतीचे धडे दिले, ते जरा झोंबलंच.

हे सगळं तुमच्या गोणीवर दिसलं नाही कारण ४५ किलोच्या गोणीचा दर सरकारने बांधून ठेवलाय, फरक तिजोरीतून जातो. २०२१-२२ मध्ये खतावरचं अनुदान दीड लाख कोटींच्या आसपास होतं, २०२२-२३ मध्ये अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. वरचे एक लाख कोटी म्हणजे तुम्ही-आम्हीच भरलेला टॅक्स. डीएपी आणि १०:२६:२६ या फॉस्फेटच्या खतांचं गणित वेगळं, तिथे दर युरियासारखा जखडलेला नाही आणि चीनने २०२१ च्या ऑक्टोबरपासून फॉस्फेटची निर्यात तपासणीच्या नावाखाली आवळली, म्हणून त्या गोण्यांची टंचाई तुम्हाला दुकानात दिसते.

एक गोष्ट मात्र जर्मनीची मानली पाहिजे. युद्ध फेब्रुवारीत सुरू झालं आणि डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेनला त्यांचं पहिलं तरंगतं एलएनजी टर्मिनल चालू पण झालं, दहा महिन्यांच्या आत. आपल्या दाभोळला बंदरासमोर लाटा अडवणारी भिंत पूर्ण नाही म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्याचे चार महिने टर्मिनल बंद ठेवायची वेळ यायची. कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात समुद्र खवळतो हे कुणी सांगायला लागत नाही, फाइल हलवणाऱ्यांना लागत असावं. दाभोळचा वीज प्रकल्प काढणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वेळी तिथे ओमान आणि अबुधाबीहून गॅस आणायचं ठरलं होतं, २००१ मध्ये कंपनीच बुडाली. तो विषय काढला तर अंक संपेल, नको.

प्रश्न: मी यूपीएससी करते. समुद्र वाढून एखादा देश बुडाला तर तो देश म्हणून राहतो का? क्लासमध्ये हसले सगळे.
(विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर: हसू दे. तुवालूचे मंत्री सायमन कोफे २०२१ मध्ये गुडघाभर पाण्यात पोडियम लावून उभे राहिले आणि ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी भाषण रेकॉर्ड केलं. प्रशांत महासागरातला हा देश, लोकसंख्या साधारण अकरा हजार, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाशी फालेपिली करार केला. त्यात दोन्ही देशांनी लिहून दिलंय की समुद्राने काहीही केलं तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम राहील, आणि दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात राहायचा रस्ता खुला. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तर आठ हजारांवर लोकांची नावं आली. अकरा हजारांतून आठ हजार!

पण करार पुढेही वाच, इंटरव्ह्यूत तेच कामाला येईल. बदल्यात तुवालूने कबूल केलंय की दुसऱ्या कुठल्याही देशाशी संरक्षण किंवा सुरक्षेचा करार करायचा असेल तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती घेऊ. दुसरा देश म्हणजे कोण ते लिहिलेलं नाही, पण एप्रिल २०२२ मध्ये शेजारच्या सॉलोमन आयलंड्सनी चीनशी सुरक्षा करार केला होता आणि ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, झोप उडाली होती. पाणी चढतंय ते दुसऱ्यांच्या धुरामुळे, आणि वाचवण्याची किंमत म्हणून स्वतःच्या परराष्ट्र धोरणाचा एक तुकडा द्यायचा. मला हा करार वाईट वाटत नाही, अकरा हजार लोकांकडे द्यायला दुसरं होतं काय, पण याला मदत म्हणू नये, हा सौदा आहे.

प्रश्न: मग सोलर आणि ई-स्कूटरवर गेलो की या सगळ्यातून सुटलो ना?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: आखातातून सुटाल, चीनमध्ये अडकाल. पॅनेलसाठी लागणाऱ्या पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून त्याच्या पातळ चकत्यांपर्यंत, म्हणजे वेफरपर्यंत, जगातला ८० टक्क्यांहून जास्त माल तिथे बनतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या टॅरिफला उत्तर म्हणून चीनने रेअर अर्थ म्हणजे दुर्मिळ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला आणि काही महिन्यांत पुण्यात बजाजच्या चेतकचं उत्पादन अडखळलं, कारण मोटरमध्ये तेच चुंबक. भांडण परत दुसऱ्यांचंच बघा. जपानने हे २०१० मध्येच भोगलंय, चिनी मच्छीमार बोटीच्या कप्तानाला पकडलं आणि रेअर अर्थची जहाजं अडकली. तरी सोलर बसवाच, कारण पॅनेल एकदा छपरावर चढलं की वीस-पंचवीस वर्षं कुणाला तोटी बंद करता येत नाही. तेलाचं तसं नाही, ते रोज लागतं.

प्रश्न: भोसरीत आमचं नट-बोल्टचं छोटं युनिट आहे. जर्मनीच्या गिऱ्हाइकाने कार्बनचा फॉर्म पाठवलाय, एका बोल्टमागे किती कार्बन ते लिहा म्हणतो. हे काय नवीन खूळ? आमच्याकडे कामगार आठ, इंग्लिश फॉर्म भरणारा एकटा मीच.
(एक उद्योजक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: खूळ नाही, जकात आहे, फक्त धुरावरची. नाव सीबॅम (CBAM), म्हणजे युरोपियन युनियनचा सीमेवरचा कार्बन कर. युरोपातल्या कारखान्यांना कार्बनचे पैसे भरावे लागतात, २०२५ मध्ये टनाला साधारण ७०-८० युरो, म्हणून त्यांनी ठरवलं की बाहेरून येणाऱ्या मालालाही ते लागू. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा मामला सुरू झाला. यादीत पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज. गाडीचे बहुतेक पार्ट यादीत नाहीत पण बोल्ट, स्क्रू, नट आहेत, तुमचं नशीब. दिल्ली याला एकतर्फी म्हणते आणि मला ते पटतं, शंभर-दीडशे वर्षं धूर त्यांनी काढला आणि पावती आठ कामगारांच्या युनिटला. पण नियमात एक खाच आहे, मूळ देशात कार्बनचे पैसे भरले असतील तर तिकडे तेवढे वजा होतात. म्हणून आपणही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची, म्हणजे कमी धूर काढणाऱ्याने जास्त काढणाऱ्याला क्रेडिट विकायची, योजना आणली. पैसे जाणारच असतील तर ब्रसेल्सपेक्षा दिल्लीत जाऊ देत, असा साधा हिशोब.

आता तुमचं काम. आधी गिऱ्हाइकाला विचारा की यादीतला माल सगळीकडून मिळून वर्षाला तो किती आणतो, ५० टनांच्या आत असेल तर त्याला सीबॅममधून सूट आहे, मग फॉर्मची कटकट बरीच कमी होईल. त्याच्या वर असेल तर बोल्टमधला बहुतेक कार्बन तुमच्या शेडमध्ये तयार होतच नाही, तो वायर रॉडसोबत, म्हणजे ज्या सळईचा बोल्ट होतो तिच्यासोबत, पोलादाच्या मिलमधून येतो. कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसच्या पोलादाला टनामागे दोन टनांच्या वर कार्बन, भंगार वितळवून केलेल्याला त्याहून खूप कमी. तेव्हा सप्लायरकडे टेस्ट सर्टिफिकेट मागता तसाच उत्सर्जनाचा आकडा लेखी मागा, नाही दिला तर गिऱ्हाईक ठरीव आकडा धरेल आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. स्वतःच्या हीट ट्रीटमेंट भट्टीची गॅसची किंवा फर्नेस ऑइलची बिलं महिन्यावार लावून ठेवा. विजेचं बिल पण ठेवा, पोलादासाठी विजेचा कार्बन सध्या धरत नाहीत, पण फॉर्ममध्ये रकाना आहे.