शिक्षा होते, तरी वही फेकतोच: 'ऋण प्रबलना'चा नेमका अर्थ

दुसरीतल्या मुलाचे आईवडील भेटायला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईची तक्रार अशी: "गृहपाठाला बसवलं की वही फेकतो, ओरडतो. मग मी त्याला खोलीबाहेर काढते. रोज शिक्षा होते, तरी सुधारत नाही." वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं की शिक्षेलाच मानसशास्त्रात 'ऋण प्रबलन', म्हणजे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात.

हा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि त्याला कारणही आहे. वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी खुद्द 1938 मध्ये ही संज्ञा शिक्षेच्या जवळ जाणाऱ्या अर्थाने वापरली होती. आजचा अर्थ त्यांनी 1953 पर्यंत पक्का केला. प्रबलन म्हणजे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढणं. ऋण म्हणजे वाईट नव्हे, वजा. एखादी नकोशी गोष्ट वजा झाली आणि त्यामुळे वर्तन बळावलं, तर ते ऋण प्रबलन. गाडीतला टुंगटुंग आवाज थांबावा म्हणून आपण सीटबेल्ट लावतो, ते हेच. शिक्षेने वर्तन कमी होतं. कमी होत नसेल, तर आपण कितीही रागावलेलो असू, ती शिक्षा ठरत नाही.

आईला सात दिवस एक वही ठेवायला सांगितली. चार रकाने: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी वाया गेल्या, कारण त्यात लिहिलं होतं 'नाटकं केली', 'हट्टीपणा'. हे आपले शेरे झाले. नोंद कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच हवी: 'पेन्सिल टेकवली, वही जमिनीवर फेकली, "नाही करणार" असं तीनदा ओरडला.'

आठवडाअखेर 11 प्रसंग जमले. 8 वेळा समोर हातच्याची वजाबाकी होती आणि 9 वेळा शेवट एकच: बाहेर जा. म्हणजे वही फेकली की गणित टळतं. आणि त्याला बाहेर काढलं की आईच्या कानावरचा आरडाओरडा थांबतो, म्हणून बाहेर काढण्याची तिची सवयही बळावत होती. कुणी मुद्दाम करत नव्हतं.

मग बदल ठरले. एका बैठकीत तीनच गणितं, त्यातलं पहिलं नक्की जमणारं. टेबलावर 'थोडं थांबू' लिहिलेलं कार्ड. ते वर केलं की दोन मिनिटांची सुट्टी, तीही लगेच, प्रश्न न विचारता. सुरुवातीला हे कार्ड ढीगभर वेळा वर होतं, होऊ द्यावं. वही फेकली तर न रागावता ती परत समोर ठेवायची आणि एक गणित मदतीने पुरं करूनच उठायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओरडणं वाढलं. नेहमीची युक्ती चालेनाशी झाली की मूल कधीकधी ती आधी जोरात करून बघतं. अनेक घरं नेमकी इथे हात टेकतात, आणि मग मूल शिकतं की आणखी मोठ्याने ओरडावं लागतं. म्हणून हे आजीलाही आधीच सांगून ठेवलं होतं. तिने त्या संध्याकाळी "जाऊ दे गं, लेकरू दमलंय" म्हटलं असतं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा वागणं अचानक बदललं असेल, तर मात्र ही पद्धत घरच्या घरी करू नये, आधी डॉक्टर.

तिसऱ्या आठवड्यातली आईची एक नोंद: 'सात चाळीस. दुसऱ्या गणिताला कार्ड वर केलं. पाणी प्यायला. परत येऊन बसला.'

वजाबाकी अजून कच्चीच आहे. डोळे तपासून झाले, नंबर नाही. आता वर्गशिक्षिका काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवून दशक सुटा करायला शिकवताहेत. त्यानंतरही अडलं, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करायचं ठरलं आहे.