वाचकांचे प्रश्न : शाल पाहुण्यांना, कागद मुलांना

प्रजासत्ताक दिन जवळ आला की जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या शाळा गुणगौरवाच्या तयारीला लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे त्याच विषयावरची आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. पटसंख्या ६२ आहे. गेल्या वर्षी आम्ही शिष्यवृत्ती परीक्षेत यश मिळवलेल्या तीन मुलांचा सत्कार केला, तेव्हा बाकीची ५९ मुले दोन तास उन्हात बसून टाळ्या वाजवत होती. एका आजीने नंतर विचारले, ‘आमच्या पोरीनं काहीच केलं नाही का गं?’ यंदा गावातून ९,००० रुपये जमले आहेत. सत्कार कोणाचा करावा आणि सगळ्यांचाच केला तर चालेल का?

उत्तर : ताई, त्या आजीचा प्रश्न रास्त आहे, पण तो सोडवताना शिष्यवृत्तीच्या मुलांचे यश लहान करू नये. त्या परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी १५० गुणांचे. दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही वाट्याला येत नाही. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, तर दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. ज्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही आणि शिकवणीला पाठवण्याची ऐपत नाही, त्या घरातील मूल हे करून दाखवते तेव्हा गावाने उभे राहून टाळ्या वाजवायला हव्यात. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली, तेव्हा चौथीपर्यंतच वर्ग असलेल्या असंख्य वाडीवस्तीच्या शाळांच्या हातून गौरवाची ही एकमेव संधीही गेली होती, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

तरीही ही परीक्षा पर्यायी उत्तरांची आहे. बोलणे, लिहिणे, हाताने काही घडवणे, दुसऱ्याला समजावून सांगणे यांतले काहीही त्या उत्तरपत्रिकेतील गोलांत मावत नाही. मग त्याची नोंद कुठे असते? ती आपल्या शाळेच्या कपाटातच असते. २०१० पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, क्रमांक गेले, श्रेणी आल्या आणि वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांत वर्णनात्मक नोंदी करायच्या असे ठरले. या रकान्यांचे पुढे काय झाले, ते नोकरीत असताना मी शेकडो वह्यांमध्ये पाहिले आहे. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि त्यांतून ‘वाचन स्पष्ट करतो’, ‘शाळेत नियमित येतो’ अशी वाक्ये उतरवून घेतली जातात. एका वहीत तर सलग अकरा मुलांच्या नावापुढे ‘चित्रकलेची आवड आहे’ असे एकाच शाईत लिहिलेले होते. तरीसुद्धा प्रत्येक शाळेत एखादी बाई किंवा एखादे गुरुजी असे असतातच, की ज्यांच्या नोंदीवरून मूल डोळ्यांसमोर उभे राहते. समितीच्या पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विनंती करून शिक्षकांनाच विचारा, की या वर्षी कोणत्या मुलाने असे काय केले, जे तुम्हाला वही न उघडता आठवते?

उत्तरे कशी येतात ते सांगतो. एका शाळेत हाच प्रश्न मी विचारला, तेव्हा पहिली काही मिनिटे शांततेत गेली. मग दुसरीच्या बाई म्हणाल्या, सहावीतली एक मुलगी जून महिन्यापासून रोज सकाळी पर्जन्यमापकाची नोंद फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. रविवारीसुद्धा येऊन लिहून जाते, कारण दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले तर आकडा चुकतो हे तिचे तिला समजले आहे. दुसऱ्या गुरुजींनी ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील चौथीच्या मुलाची गोष्ट सांगितली. तो मार्चमध्ये परतला आणि वर्गाने तोवर पूर्ण केलेला भागाकार शेजारच्या मुलाकडून तीन आठवड्यांत शिकला. यात गौरव कोणाचा करायचा? माझ्या मते दोघांचाही, शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा.

आता सगळ्यांचा सत्कार करावा का, याविषयी. करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ६२ मुलांना ६२ सारखीच प्रशस्तिपत्रे दिली, तर ती मुलांना त्याच संध्याकाळी फुकट वाटतात, कारण शाळेत कोण काय करते हे मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक नेमके ठाऊक असते. यंदा ज्यांनी काही केले त्या सात-आठ जणांना गौरवा आणि बाकीच्यांसाठी वर्षभर दार उघडे ठेवा. शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठ संपताना, त्या आठवड्यात एखाद्या मुलाने केलेली एक गोष्ट वर्गशिक्षकाने दोन वाक्यांत सांगावी. याला खर्च येत नाही, मंडप लागत नाही आणि कौतुक कृतीच्या मागोमाग पोहोचते. ऑगस्टमधील कामाचे कौतुक जानेवारीत झाले, तर नऊ वर्षांच्या मुलाला ते दुसऱ्या कोणाचे असावे असे वाटते.

प्रशस्तिपत्राचा मजकूर हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘उल्लेखनीय यशाबद्दल हार्दिक अभिनंदन व उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ हे वाक्य छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेले असते. त्याऐवजी एवढेच लिहा : ‘जून ते सप्टेंबर या काळात रोज सकाळी पावसाची नोंद घेतली, एकही दिवस चुकवला नाही आणि त्यावरून चौथीच्या वर्गासाठी आलेख तयार केला.’ हा कागद आजीला वाचून दाखवता येतो. नाव जन्मनोंदीप्रमाणे आहे का, ते दोनदा तपासा. स्वतःचे नाव चुकीचे छापलेला कागद हातात घेऊन फोटोसाठी हसणारी मुले मी पाहिली आहेत.

राहिला ९,००० रुपयांचा हिशेब. मागच्या वर्षीच्या पावत्या काढून पाहा. मुलांवर किती गेले आणि शाल, श्रीफळ, हार, फ्लेक्स, ध्वनिक्षेपक यांवर किती गेले, हे दोन आकडे शेजारी लिहिले की पुढचे मला सांगावे लागणार नाही. पाहुण्यांना गुलाबाचे एक फूल पुरते. पर्जन्यमापकवाल्या मुलीला जाड पुठ्ठ्याची वही द्या, एखादे मूल गोष्टी छान सांगत असेल तर त्याला पुस्तक द्या, भागाकार शिकवणाऱ्याला कंपासपेटी द्या. आणि मुलांना सावलीत बसवा.

प्रश्न : आमच्या नगरपालिका शाळेत वर्षभर शंभर टक्के हजेरी असणाऱ्या मुलांना पदक देण्याचे घाटत आहे. मला, एका शिक्षिकेला, यात काहीतरी खटकते. पण नेमके काय ते सांगता येत नाही.

उत्तर : आपल्याला खटकते ते योग्यच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सहावी ते बारावीच्या १५,३२९ विद्यार्थ्यांवर असाच एक प्रयोग झाला. एखाद्या महिन्यात पूर्ण हजेरी असलेल्या काहींना नंतर अचानक गौरवपत्र पाठवले, काहींना पुढच्या महिन्यासाठी तसे पत्र मिळेल असे आधी सांगितले आणि काहींना काहीच कळवले नाही. आधी सांगण्याने काही फरक पडला नाही आणि अचानक गौरव झालेल्यांची गैरहजेरी पुढच्या महिन्यात उलट वाढली. संशोधकांनी काढलेला अर्थ असा, की ‘तू इतरांपेक्षा आणि आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त आलास’ हाच निरोप मुलांपर्यंत पोहोचला. मग एखादा दिवस बुडवला तर काय बिघडले?

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वस्तीतील मूल येऊ शकत नाही. धाकट्या भावाला ताप असला आणि आई मजुरीला गेली, की मुलगी घरी थांबते. शंभर टक्क्यांचे पदक अशा मुलांना जूनमध्येच शर्यतीबाहेर काढते आणि अंगात ताप असलेल्या मुलाला शाळेत आणून बसवते. वंचित घटकांतील प्राथमिक वर्गांच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपयाचा उपस्थिती भत्ता आपल्या राज्यात आहे, पण त्याची जात वेगळी. मुलगी घरकामाऐवजी शाळेत आली, त्याची ती भरपाई आहे. ती रक्कम आज हास्यास्पद झाली आहे, हे खरे. परंतु हेतू गौरवाचा नव्हता. आपल्याला हजेरीसाठी काही करायचेच असेल, तर गेल्या वर्षीपेक्षा ज्याची हजेरी वाढली त्याच्या घरी जाऊन पालकांना ते सांगा.

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषद शाळेतून शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आला. तीन ठिकाणी सत्कार झाले आणि प्रत्येक वक्त्याने त्याला ‘अत्यंत हुशार’ म्हटले. आता तो अवघड गणित समोर आले की वही मिटतो. आम्ही चुकलो का?

उत्तर : चूक कोणाची म्हणावी असा हा प्रकार नाही, पण कारण ओळखीचे आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सोपे कोडे सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू मेहनत घेतली असणार’ असे म्हटले. पहिल्या गटाने पुढे सोपी कोडी पसंत केली, अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी खालावली आणि आपले गुण सांगताना त्यांच्यातील अधिक मुले खोटे बोलली. हुशार ठरलेल्याला ते बिरुद सांभाळावे लागते. अवघड गणित म्हणजे ते हिरावले जाण्याचा धोका असतो. आपला मुलगा आळशी झालेला नाही, त्याला भीती वाटते आहे. काही दिवस सत्काराची छायाचित्रे आणि सन्मानचिन्हे समोरच्या भिंतीवरून काढून ठेवा आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून तुम्हाला स्वतःला येत नसलेले एखादे गणित सोडवायला घ्या. तुम्ही अडखळताना त्याने पाहायला हवे.

प्रश्न : मी ग्रामीण शाळेचा मुख्याध्यापक आहे. गावातल्या सत्काराच्या पुढे, राज्य किंवा देश पातळीवर आमच्या मुलांची दखल घेतली जावी यासाठी शाळेने काय करावे?

उत्तर : सर, वाटा आहेत, अडते ते अर्ज भरण्यात. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेला मुलांच्या नव्या वैज्ञानिक कल्पना ऑनलाइन पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाला प्रतिकृती करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. अनेक शाळा शेवटच्या आठवड्यात इंटरनेटवरून उचललेल्या कल्पना भरतात. कांदाचाळीतला कांदा सडू नये म्हणून एखाद्या मुलीने घरी काय केले, ते कोणी विचारत नाही. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारासाठी ५ ते १८ वयोगटातील मुलांची नावे शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला व संस्कृती आणि विज्ञान-तंत्रज्ञान या क्षेत्रांत सुचवता येतात. त्यासाठी तारखेनिशी नोंदी आणि छायाचित्रे लागतात आणि ती घटना घडते तेव्हाच ठेवावी लागतात. एक साधी वही करा, तेवढे पुरे.

परंतु मी आपल्या जागी असतो, तर सर्वांत आधी एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, पाहिली असती. आठवीतील ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. गोम अशी, की निवड झाल्यावरही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. निकाल लागतो तेव्हा मूल आठवीच्या शाळेत असते आणि पैसे मिळायचे तेव्हा ते दुसऱ्या गावच्या माध्यमिक शाळेत गेलेले असते. दोन्ही शाळांना वाटते, की अर्जाचे दुसरी पाहील.

एका मुलीचे मला आजही आठवते. या परीक्षेतील यशाबद्दल तिचा तालुक्याच्या ठिकाणी भव्य सत्कार झाला, फ्लेक्सवर तिचे छायाचित्र नेत्यांच्या छायाचित्रांखाली तळहाताएवढे होते आणि दीड वर्षानंतर तिच्या वडिलांनी मला विचारले, की त्या बक्षिसाचे पैसे कधी येतात. खाते आधारशी जोडलेलेच नव्हते आणि दहावीचा नूतनीकरणाचा अर्जही कोणी भरला नव्हता. तेव्हा निवड झालेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे वहीत चार रकाने आखा : अर्ज, खाते, पहिला हप्ता, नूतनीकरण. दहावीत ६० टक्क्यांची अट असते, तीही मुलाला नववीतच सांगून ठेवा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. व्यासपीठावर नाव पुकारताना उत्पन्नाचा किंवा प्रवर्गाचा उल्लेख नको आणि समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्या. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना जूनच्या पहिल्या आठवड्यात या मुलांची यादी स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.