फ्लोरिडात बसून आफ्रिकेतल्या पेशंटचं प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं हे खरं आहे का? गरीब देशांतल्या लोकांना याचा खरंच उपयोग होईल का?

हो, खरंय. १४ जून २०२५ ला युरोलॉजिस्ट डॉ. विपुल पटेल फ्लोरिडात कन्सोलवर (रोबोट चालवायच्या टेबलावर) बसले होते आणि पेशंट होता अंगोलात, लुआंडाला. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर. मधलं अंतर साधारण ११ हजार किलोमीटर. रोबोट चिनी, मायक्रोपोर्टचा तुमाई, आणि हे सगळं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, परवानगी दिलेल्या ट्रायलमधे झालं.

मी युरोलॉजीच्या (मूत्रविकारांच्या) ऑपरेशन थिएटरमधे टेक्निशियन आहे, रोबोटच्या केसेसना उभा असतो, त्यामुळे बातमी वाचली तेव्हा मी आधी हेच शोधलं की पेशंटजवळ कोण होतं. लोकांना वाटतं डॉक्टर तिकडे आणि इकडे नुसतं मशीन. तसं नसतं हो. पोटात पोर्ट (अवजारं आत घालायच्या नळ्या) टाकायचे, रोबोटचे हात जोडायचे, कात्री काढून नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) लावायचा, सक्शन धरायचं, हे सगळं टेबलाशी उभी असलेली माणसं करतात. त्यात प्रोस्टेटला पेशंटचं डोकं खाली, पाय वर असं टेबल तिरकं करून कित्येक तास ठेवतात, वरून पोटात गॅस भरलेला, म्हणजे भूल देणारा डॉक्टर तयारीचाच लागतो. आणि लाइन तुटली किंवा ब्लीडिंग सुरू झालं तर पोट उघडून पुढचं निभावेल असा सर्जन हात धुऊन तिथेच पाहिजे. लुआंडातही टीम शेजारी होतीच. मग जिथे सर्जनच नाही तिथे हे रोबोट नेऊन ठेवला तरी सुरक्षितपणे करता येत नाही, बातम्यांमधे नेमकं हेच निसटतं.

अंतराचा प्रश्न मात्र बऱ्यापैकी सुटलाय. सप्टेंबर २००१ मधे न्यूयॉर्कहून सर्जन जाक मारेस्को यांनी फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधल्या बाईंचं पित्ताशय काढलं होतं, तेव्हा त्यासाठी खास लाइन घ्यावी लागली, आणि नंतर वर्षानुवर्षं हे रोजच्या वापरात काही आलं नाही. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ११ हजार किलोमीटर जाऊन परत यायला कमीत कमी ११० मिलिसेकंद, केबल वळसे घेत जाते म्हणून त्याहून जास्तच. हात हलवल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंतचा हा उशीर २०० मिलिसेकंदांच्या आत असला तर अनुभवी सर्जन जुळवून घेतो, ३०० च्या पुढे गेला की काम अवघड होतं. आपल्याकडच्या एसएसआय मंत्रा रोबोटवरही जानेवारी २०२५ मधे गुरुग्रामहून जयपूरला हार्टची ऑपरेशनं झाली, २८६ किलोमीटरवरून.

आता गरीब देशांचं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५ च्या कमिशनचा अंदाज होता की जगात ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी सर्जरी मिळत नाही. यातल्या बहुतेकांना रोबोट लागतच नाही. लघवी तुंबली तर वेळेवर कॅथेटर, मूतखड्याला दुर्बीण, अडलेल्या बाळंतपणानंतर फिस्टुला (लघवी गळत राहणारं भोक) झालेल्या बाईला टाके, एवढंच हवं असतं आणि तेही मिळत नाही. प्रोस्टेट कॅन्सरमधे तर आफ्रिकन वंशाच्या पुरुषांना धोका जास्त, आणि बरेचजण दवाखान्यात येतात ते कंबर दुखायला लागल्यावर, म्हणजे कॅन्सर हाडांत उतरल्यावर. तेव्हा प्रोस्टेट काढून काही साधत नाही, मग सर्जन फ्लोरिडात असो की शेजारच्या खोलीत. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) आधी पोचायला हवी. शिवाय खर्च आहेच, मशीन कोट्यवधींचं, आणि बऱ्याच रोबोटची इन्स्ट्रुमेंटं ठरावीक वेळा वापरली की मशीन ती घेतच नाही, नवी आणा.

तरी मी या प्रकाराच्या बाजूनं आहे, मनापासून, आणि ते शिकवण्यासाठी. प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी नसा जातात, त्या आणि लघवी रोखणारा स्नायू सांभाळून काढणं हे हातात बसायला खूप केसेस लागतात, आणि त्यासाठी तिथल्या तरुण सर्जनला परदेशी जायचं तर व्हिसा, पैसे, वर्ष-दोन वर्षं घर सोडणं. तेच लुआंडात दुसरा कन्सोल ठेवला, तिथला सर्जन स्वतः ऑपरेट करतोय आणि अवघड जागी लांबचा अनुभवी माणूस पाच मिनिटं कंट्रोल घेऊन दाखवतोय आणि परत देतोय, असं आठवड्याला होत राहिलं तर काही वर्षांत लांबच्या माणसाची गरज कमी कमी होत जाईल. पैसे देणाऱ्यांनी मशीनबरोबर या ट्रेनिंगचे आणि भूल, नर्सिंग, मेंटेनन्सच्या पगारांचे पैसेही द्यावेत, नाहीतर पहिली केस झाली, फोटो आले आणि मशीनवर कव्हर चढलं असं व्हायला वेळ लागत नाही.