जपानमध्ये आई-वडिलांना ऑनसेनला (गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या स्नानाला) न्यायचंय, पण त्यांना सगळ्यांसमोर कपडे काढायची लाज वाटते. समुद्राजवळचं एखादं लहान गाव सुचवाल का?

ओबामा. हसू नका, त्या ओबामांशी काही संबंध नाही. नागासाकी प्रांतात शिमाबारा द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, समोर ताचिबाना उपसागर, मागे उन्झेन ज्वालामुखी. हाकोने-बेप्पूसारखी ऑनसेनची मोठी नावं सांगायला शंभर जण येतील, मी नाही सांगणार.

कपडे काढायचा प्रश्नच येत नाही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली की झालं. समुद्राला लागूनच पाय सोडून बसायला लांबलचक हौद बांधलाय, 105 मीटर, कारण तिथल्या झऱ्याचं पाणी 105 अंशांचं. ते आधी पायऱ्यापायऱ्यांवरून सोडून निववतात. फुकट आहे. कुत्र्यांसाठीही वेगळा कोपरा आहे, म्हणजे बघा.

आता खरी गोष्ट. आई-बाबा आमच्याकडे फुकुओकाला आले तेव्हा आमच्या दाजींनी पुण्यात बसून फोनवर प्लॅन ठरवला, की ऑनसेन म्हणजे मोठं नाव, मोठं हॉटेल आणि सार्वजनिक स्नान, नाहीतर जाऊच नका. गेलो. आईने आत डोकावून बघितलं आणि जी बाहेर आली ती लॉबीतल्या सोफ्यावरून उठलीच नाही, भाडं गेलं ते गेलंच. मग मी दोघांना ओबामाला नेलं, तर दाजी म्हणे, नुसते पाय बुडवायचे म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन परत येण्यासारखं. अहो, मग कळसाला हात जोडून परतणारे वारकरी काय वेडे असतात का?

त्या दिवशी आईची नेमकी एकादशी. पाय बुडवायच्या हौदाजवळच झऱ्याच्या वाफेवर उकडायची सोय आहे, अंडी, भाज्या, काहीही ठेवा. आईने रताळी ठेवली. झाकण उचललं की अशी वाफ अंगावर येते की बाबांचा चष्मा पार पांढरा, आणि तरी ते त्या वाफेत उभं राहून आम्हाला भूगोल शिकवतायत, की मॅग्मा उपसागराच्या खाली आहे, म्हणून इथलं पाणी खारट आणि वर उन्झेनला गेलात की तेच आंबट आणि गंधकाचं. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या कुंडाशी तुलना झालीच, आमचं गाव तिकडचं. आई मात्र दोन्ही पाय पाण्यात, मांडीवर रताळी, समोर सूर्य बुडतोय, "आता मला कुठे हलवू नका". दाजींना फोटो पाठवला. निळी टिक आली, उत्तर अजून नाही.

जायचं कसं, तर नागासाकीहून इसाहायापर्यंत ट्रेन (2022 पासून शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेनपण आहे), पुढे बस, धरा तासभर. परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. टॉवेल बरोबर न्या.

हां, वडिलांना डायबेटिस असेल तर आधी तुम्ही हात घालून पाणी बघा, त्यांच्या पायाला चटका कळेलच असं नाही, आणि डॉक्टरांनाही विचारा. अंघोळच करायची असेल तर बऱ्याच ठिकाणी फक्त कुटुंबापुरतं स्नानगृह वेळ ठरवून मिळतं, बुकिंगच्या वेळी विचारायचं. आणि शाकाहारी असाल तर रात्रीच्या जेवणासकट खोली घेऊ नका, ताटात मासेच येणार. दाजींसारखं कुणी म्हणालं की त्यात काय, मासे बाजूला काढायचे, तर त्यांना सांगा रस्सासुद्धा माशाचाच असतो.