हितधारकांच्या तक्त्याबाहेरही पाहावे

तुमच्या संशोधनाचा आराखडा मी दोनदा वाचला. कोल्हापूर परिसरातील उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व हा विषय उत्तम आहे. मात्र हितधारकांचा तक्ता, म्हणजे कंपनीच्या कामाचा ज्यांच्यावर परिणाम होतो किंवा जे तिच्यावर परिणाम करू शकतात अशांची यादी, हाच संपूर्ण अभ्यासाचा पाया धरू नये, असे मला मनापासून वाटते. आर. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये हितधारकांची ही कल्पना व्यवस्थापनाच्या दृष्टीने मांडली, त्यामुळे केंद्रस्थानी कंपनी राहते आणि बाकीचे जग तिच्याशी असलेल्या नात्यापुरतेच दिसते.

पंचगंगेचेच पाहा. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच मी पाहिला आहे. ते पाणी वरच्या शहरांच्या सांडपाण्याने आणि अनेक उद्योगांच्या दूषित पाण्याने मिळून नासलेले असते. म्हणून शिरोळ तालुक्यातला शेतकरी कोणत्याच एका कारखान्याच्या तक्त्यात ठळकपणे येत नाही, आणि नदी तर बैठकीला येऊन बोलूही शकत नाही. ज्याच्याकडे ताकद आहे, त्याचेच म्हणणे व्यवस्थापक आधी ऐकतात, हे निरीक्षण म्हणून खरे आहे. त्याला न्यायाचा निकष समजू नका.

कायद्याची चौकटही तपासा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करावी लागते. सहकारी साखर कारखाने कंपन्या नसल्यामुळे या कलमाबाहेर राहतात. शिवाय नफा कसा मिळवला, हा प्रश्न त्या टक्केवारीत येतच नाही. प्रश्नावली वाटण्यापूर्वी एकदा बंधाऱ्यापर्यंत जाऊन या.