पौलाने त्रफिमला आजारीच मागे ठेवलं

पत्र : जय ख्रिस्त मावशी. माझे मिस्टर दोन वर्षं डायलिसिसवर होते. पाळकसाहेबांनी तेल लावून प्रार्थना केली, महिला मंडळाने साखळी प्रार्थना केली, मी दर शुक्रवारी उपास धरला. मार्चमध्ये ते गेले. मातीच्या दिवशी एक बाई म्हणाल्या, “विश्वास कमी पडला. डायलिसिस बंद करून देवावर सोडायला हवं होतं.” तेव्हापासून प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द निघत नाही. उपास मात्र चालूच आहे, शुगरची गोळी असूनही. माझंच चुकलं का? दहावीतला मुलगा विचारतो, देवाने पप्पांना का बरं केलं नाही? – नगरची एक बहीण

ताई, जय ख्रिस्त.

नाही, तुमचं चुकलं नाही. येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या प्रेषित पौलाला तरी त्या बाई मानत असतील ना? इफिस शहरात त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन घातले तरी आजारी बरे होत, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो, आपला सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मिलेत शहरात ठेवून आलो. एवढंच. कोणाचा विश्वास कमी पडला, याचा हिशेब नाही. त्याच तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि पौलासोबत फिरणारा लूक तर वैद्यच होता. मग डायलिसिसने विश्वास कसा बाटतो? मशीन बंद केलं असतं तर ते आणखी लवकर गेले असते, आणि ‘इलाज केला नाही’ म्हणायलाही लोक आलेच असते.

‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हे वचन तुम्हाला टोचत असणार. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायातलं येशूचं ते वचन मी पुसू शकत नाही. पण सव्विसावा अध्यायही मत्तयाचाच. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता म्हणायला कोणाची जीभ रेटेल? एकाला बरं करून दुसऱ्याला का नाही, ते मला सांगता येत नाही. ‘देवाची योजना असेल’ हे वाक्य मयताच्या घरात तर मला ऐकवत नाही. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या बहिणीला, मरीयेला योजना समजावत बसला नाही, रडला.

शब्द निघत नाहीत तर दुसऱ्याचे घ्या. ८८वं स्तोत्र मोठ्याने वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाशी भांडलात तरी ती प्रार्थनाच आहे. तेही नको वाटलं तर रविवारी मागच्या बाकावर नुसत्या बसा, बाकीचे म्हणतील तुमच्या वाटचं. कोणी बरं झाल्याची साक्ष द्यायला उभं राहिलं आणि तुम्हाला उठून बाहेर जावंसं वाटलं, तर खुशाल जा.

मुलाला ‘देवाला पप्पा हवे होते’ असलं काही सांगू नका. बाप ओढून नेणाऱ्या देवाशी पोरगा कसा बोलेल? ‘मला माहीत नाही, मलाही राग आलाय’ असं सांगा. त्याला रडायचं असेल तर दोघं मिळून रडा.

त्या बाई काय बोलल्या ते पाळकसाहेबांच्या कानावर घाला. नाव नाही घेतलंत तरी चालेल, पण असं बोलणं मंडळीत चालतं हे त्यांना कळायला हवं.

आणि शुक्रवारचा उपास आधी थांबवा. आता तो उपास राहिलेला नाही, तुम्ही स्वतःला दिलेली शिक्षा झाला आहे. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर शुगर एकदम खाली येऊ शकते. या शुक्रवारी वेळेवर जेवा, आणि आजवर असे किती उपास झाले ते डॉक्टरांना सांगून शुगर तपासून घ्या.

– मावशी