बॉक्सरला फिट आली, आता एमआरआय करायचा का?

प्रश्न : आमचा कुत्रा ब्रूनो, बॉक्सर जातीचा, नऊ वर्षांचा आहे. दोन महिन्यांत त्याला तीनदा फिट आली. एरवी खाणंपिणं, खेळणं सगळं व्यवस्थित. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर मेंदूचा एमआरआय करा म्हणतात, पण भूल द्यायची भीती वाटते. सीटी स्कॅनवर भागणार नाही का? आणि एमआरआयमध्ये कॅन्सर आहे की नाही ते पक्कं कळतं का?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. पाच-सहा वर्षांच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, की मेंदूत गाठ नाही ना, ही शंका घ्यावीच लागते. त्यात ब्रूनो बॉक्सर. चपट्या तोंडाच्या काही जातींत ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून वाढणारी गाठ, जास्त आढळते. तो खेळतोय म्हणून निर्धास्त राहू नका. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ बरेच दिवस फिटखेरीज काहीच लक्षण दाखवत नाही.

सीटीत मोठी गाठ दिसू शकते, पण मेंदूच्या मऊ भागातले बारीक फरक त्यात नीट उमटत नाहीत. सीटी नॉर्मल आला म्हणून गाठ नाहीच, असं मी कुणालाही सांगणार नाही. शिवाय सीटीलाही गुंगी किंवा भूल लागतेच, फक्त वेळ कमी.

भुलेची काळजी रास्त आहे. एमआरआयला साधारण पाऊण ते एक तास लागतो आणि तेवढा वेळ कुत्रा अजिबात हलता कामा नये. बॉक्सरमध्ये हृदयाचे ठोके बिघडवणारा एक आजार आढळतो, तेव्हा आधी ईसीजी करून घ्या. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफीही करा, कारण मेंदूतली गाठ कधीकधी शरीरात दुसरीकडून पसरलेली असते. फिटचं औषध आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. त्याने सूज उतरते आणि चित्र बदलू शकतं.

स्कॅन समोर आला की मी आधी मेंदूची मधली रेघ बघते. ती एका बाजूला सरकली असेल तर आत काहीतरी जागा अडवून बसलंय. मग शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे स्कॅनमध्ये गाठ उजळवून दाखवणारं द्रव्य, दिल्यानंतरची चित्रं. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा कडेला चिकटलेला असतो, बहुधा एकसारखा पांढरा उजळतो आणि पुष्कळदा आवरणालगत त्याची निमुळती शेपटी दिसते. ग्लायोमा मेंदूच्या आत असतो. कधी उजळतच नाही, कधी नुसतं कडं उजळतं. पण मेंदूची सूज किंवा स्ट्रोकही अशीच फसवी चित्रं दाखवतात. पक्कं निदान बायोप्सीनेच होतं.

मग एवढा खटाटोप कशाला? गाठ नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा विचारच करता येत नाही. आणि गाठीऐवजी सूज निघाली, तर उपचाराची दिशाच बदलते. म्हणून झेपत असेल तर एमआरआय कराच, असं माझं मत. ब्रूनोच्या तब्येतीमुळे किंवा खर्चामुळे ते शक्य नसेल, तर औषधांनी फिट आटोक्यात ठेवून त्याला आरामात ठेवणं हाही उपचारच आहे. त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

पुढची फिट आली तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. ती पाच मिनिटांत थांबली नाही किंवा त्याच दिवशी पुन्हा आली, तर स्कॅनच्या तारखेची वाट बघू नका, तडक दवाखान्यात न्या.